बारावीच्या परीक्षेत कानाला किती गुण?

शाळेत संगीताला वर्षातून दोनदाच भाव येतो. एकदा स्नेहसंमेलनाच्या आधी. तेव्हा गणिताच्या तासावरूनही मुलांना तालमीला उचलून नेतात आणि कोणी चकार शब्द काढत नाही. दुसऱ्यांदा दहावीचे अर्ज भरताना. तेव्हा शास्त्रीय कलेच्या वाढीव गुणांसाठी जुनी प्रमाणपत्रं शोधण्याची घाई उडते. एरवी संगीताचा तास म्हणजे ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून कुठल्याही सरांनी, बाईंनी मागून घ्यावा असा तास. अकरावी-बारावीला तर मागून घ्यायलाही तो शिल्लक नसतो.

संगीत हा अकरावी-बारावीचा पूर्ण शंभर गुणांचा विषय असावा आणि तो विज्ञान, वाणिज्य, कला अशा कुठल्याही शाखेच्या मुलाला घेता यावा, असं माझं ठाम मत आहे. पण जिथे तो आज शिकवला जातो, तिथलंच रूप उचलून सगळीकडे नेलं तर त्यातून फारसं काही निष्पन्न होणार नाही, हेही तितकंच ठाम मत आहे. या विषयात आपण मुलाची स्मरणशक्ती तपासतो, गळा तपासतो, हात तपासतो. त्याला ऐकू काय येतं, हे जवळजवळ तपासतच नाही.

सीबीएसईचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा विषय रीतसर मांडलेला आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींसाठी गायन, स्वरवाद्य आणि तालवाद्य असे वेगवेगळे विषय आहेत. लेखी परीक्षा ३० गुणांची, प्रात्यक्षिक ७० गुणांचं. विभागणी शहाणपणाची आहे. लेखीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं), खटका, मुर्की, गमक अशा स्वरालंकारांच्या व्याख्या येतात, ‘संगीत रत्नाकर’, ‘संगीत पारिजात’ या ग्रंथांची माहिती येते, थोर कलावंतांची चरित्रं येतात, रागांचं वर्णन येतं, बंदिशीचं स्वरलेखन येतं. प्रात्यक्षिकात नेमलेल्या रागांतल्या बंदिशी आलाप-तानांसह गायच्या, हातावर टाळी-खाली दाखवत ताल बोलून दाखवायचा. परीक्षकाने म्हटलेल्या स्वरसमूहावरून राग ओळखणं हेही त्यात आहे, नाही असं नाही. पण राग ओळखायचा तो नेमलेल्या मोजक्या रागांपैकीच, आणि परीक्षक बहुधा पकडच, म्हणजे रागाची ओळख पटवणारा ठरलेला स्वरसमूहच, म्हणणार. मुलगा पकड पाठ करून आलेला असतो. ताना शिक्षकांनी बसवून दिलेल्या असतात, आलापही बसवून दिलेला असतो. मग प्रात्यक्षिक हाही एक तोंडपाठाचाच पेपर होऊन बसतो, एवढंच की तो सुरात म्हणायचा असतो.

भूप आणि देशकार यांची तुलना करा, हा प्रश्न संगीताच्या कुठल्याही विद्यार्थ्याला चुकलेला नाही. दोन्हींत सा रे ग प ध हे पाचच स्वर, पाचही शुद्ध. उत्तराची वही ठरलेली आहे. भूप: थाट (रागाचा मूळ स्वरसंच) कल्याण, वादी (प्रमुख स्वर) गंधार म्हणजे ग, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत म्हणजे ध, रात्रीचा पहिला प्रहर. देशकार: थाट बिलावल, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळची. दोन रकाने आखून एवढं लिहिलं की पैकीच्या पैकी गुण. हे उत्तर लिहिणाऱ्याने देशकार एकदाही ऐकलेला नसला तरी चालतं, आणि पुष्कळदा नसतोच ऐकलेला.

आता हाच प्रश्न उलटा करून पाहा. वर्गात दोन-दोन मिनिटांचे आलाप लावायचे, रागांची नावं सांगायची नाहीत, आणि विचारायचं की गाणारा कुठे थांबतोय? पहिल्यात तो गंधारावर टेकतो, ऋषभावरही (रे) निवांत उभा राहतो, सगळा कारभार सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, पूर्वांगात चाललेला असतो. दुसऱ्यात गळा सारखा वर ओढ घेतो, पंचम-धैवताच्या आसपास घर करून राहतो, आणि ऋषभाला नुसता ओझरता स्पर्श करून निघून जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला, त्याने आधी एक अक्षरही संगीत शिकलेलं नसलं तरी, हे चौथ्या-पाचव्या वेळी ऐकल्यावर कळायला लागतं. ‘वादी धैवत’ हे शब्द त्यानंतर सांगावेत. तेव्हा ते त्याने स्वतः टिपलेल्या गोष्टीचं नाव होतात.

आणि मग खरी बारावीची मजा सुरू होते. कल्याण आणि बिलावल या थाटांत फरक एकाच स्वराचा: कल्याणाचा मध्यम तीव्र, बिलावलाचा शुद्ध. भूपात मध्यम मुळात नाहीच. मग भूप कल्याण थाटाचा कशावरून? ज्या स्वरावर निवाडा व्हायचा तो साक्षीदारच गैरहजर. उत्तर असं की, भूपाची चालचलणूक, त्याचं अंग कल्याणाशी जुळतं. म्हणजे थाट हे नुसतं स्वरांचं गणित नाही, वर्गीकरण करणाऱ्याच्या कानाचा कौलही त्यात आहे. तो कौल सगळ्यांना पटलाच पाहिजे असं नाही. अशा प्रश्नावर दहा ओळी लिहायला लावा आणि मग संगीत ‘सोपा, मार्कं देणारा’ विषय आहे की कसं ते पाहू.

हे दोन रकान्यांचं उत्तर आलं कुठून, याचा इतिहास मात्र आदराने सांगायला हवा. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी देशभर फिरून घराण्यांच्या तिजोरीतल्या बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या, ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून छापल्या आणि रागांना दहा थाटांत मांडलं. १९२६ साली लखनौचं संगीत महाविद्यालय उभं राहिलं तेही त्यांच्याच खटपटीतून. उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या कुणाही मुलामुलीला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फीमध्ये मिळू लागली. हा बदल किती मोठा होता याची आज कल्पना येणार नाही. पुढे १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं, आणि प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतची परीक्षांची शिडी मराठी घराघरांत पोहोचली.

पण भातखंड्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथ, जो त्यांनी मराठीत लिहिला, तो गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यातला शिष्य शंका काढतो, गुरु प्रमाणं देतो, मतभेद समोर ठेवतो. आपण त्या संवादातली उत्तरं तेवढी काढून घेतली आणि शंका टाकून दिल्या. थाट, वादी, प्रहर ही रागाकडे जायची साधनं होती. परीक्षेने त्यांनाच अभ्यासाचा विषय करून टाकलं. (प्रहराचं म्हणाल तर, रागसमयावर मुलं पानभर निबंध लिहितात, पण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी असल्यामुळे उत्तररात्रीचा मालकंस उत्तररात्री मैफलीत ऐकण्याचा योग त्यांच्यापैकी किती जणांना येणार, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.)

विज्ञान शाखेच्या मुलाला संगीत कशाला, असं विचारणाऱ्यांना मला एकच सांगायचं आहे: एक तानपुरा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवा. त्याच्या चार तारा साधारणपणे पंचम, जोडीचे दोन षड्ज (सा) आणि खर्ज (खालचा सा) अशा जुळवतात. गंधाराची तार त्यात नाही. तरीही तानपुरा चांगला लागला आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, नीट खुलली की खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट ऐकू येतो. गायकांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा तो स्वर तारेतच असतो, आणि घोडीचा फुगीर माथा व त्यावर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा यांमुळे तो उठून येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांना आपल्या तंतुवाद्यांच्या या वेगळ्या घोडीने भुरळ घातली होती. त्यांनी त्यावर १९२०च्या सुमारास शोधनिबंध लिहिला. त्याच सुमारास मृदंगाच्या कातड्यावरच्या शाईवरही, म्हणजे त्यावरच्या काळ्या लेपावरही, लिहिलं. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मधोमध शाईचा थर चढवला की ते सुरेल प्रमाणात येतात. म्हणून तबल्याला सूर असतो. ‘तरंग’ हा धडा अकरावीच्या पुस्तकात आहेच. तो शिकवताना वर्गात तानपुरा नसतो आणि तानपुऱ्याच्या वर्गात तो धडा नसतो.

त्या गंधाराची गोष्ट इथे संपत नाही. तानपुऱ्यातून येणारा गंधार आणि सप्तकाच्या बारा सारख्या भागांच्या हिशोबाने जुळवलेल्या पेटीचा (हार्मोनियमचा) गंधार एक नव्हेत. पेटीचा गंधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते १९७१पर्यंत बंद राहिलं, त्यामागच्या कारणांत पेटीच्या सुरांबद्दलची ही तक्रारही होती. ती बंदी योग्य होती का? मींड न निघणाऱ्या वाद्यावर पुढे आपल्याच लोकांनी एवढं सुंदर काम कसं केलं? यात विज्ञान आहे, इतिहास आहे, राजकारण आहे, आणि सगळ्याचा उगम कानाला जाणवणाऱ्या एका बारीक फरकात आहे. तो फरक ज्याला ऐकू आला नाही, त्याच्यासाठी ही सगळी चर्चा ऐकीव माहिती.

तालाचंही तसंच. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणं, ही व्याख्या झाली. तीनतालाच्या सोळा मात्रा. समेपासून उचललेला पाच मात्रांचा बोल, मध्ये एक मात्रा विश्रांती, असं तीनदा केलं तर पंधरा आणि दोन मिळून सतरा होतात, म्हणजे शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर. हे कळलेल्या मुलाला सांगावं: आता झपतालाच्या दहा मात्रांत तूच एक बसव, आणि हातावर ताल धरून वाजवून दाखव. पाठांतराचा इथे काही उपयोग नाही.

आता आक्षेप. ‘याने नोकरी लागणार का?’ या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. अकरावी-बारावीत शिकलेल्या बहुतेक विषयांनी थेट नोकरी लागत नाही, आणि त्यांच्याकडे हा हिशोब कोणी मागतही नाही.

दुसरा आक्षेप खुद्द संगीतातल्या मंडळींचा, आणि तो जास्त वजनदार आहे. गाणं गुरूसमोर बसून, वर्षानुवर्षं रियाज करून येतं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ते कसं येणार? नाहीच येणार. गायक घडवणं हे बारावीचं काम नव्हे आणि कोणी तसा दावा करू नये. शाळेने घडवायचा तो ऐकणारा. आपल्याकडे बैठकीला जाणारा, नाट्यपदाच्या एका जागेवर मनापासून दाद देणारा, आणि तीच जागा दुसऱ्या गायकाने कशी घेतली होती यावर तावातावाने भांडणारा श्रोतृवर्ग होता. तो शाळेत तयार झाला नव्हता हे खरं. तो घरांत, देवळांत, नाटकाच्या पिटात तयार झाला. ती ठिकाणं आता कानावर तसे संस्कार करत नाहीत. उलट ऐकण्याची साधनं आज विपुल आहेत: गौहर जानच्या १९०२ सालच्या तबकड्यांपासून कालच्या मैफलीपर्यंत सगळं मुलाच्या खिशात आहे. साधन हातात आहे आणि काय ऐकायचं हे सांगणारं कोणी नाही, अशा अवस्थेत आपण मुलांना सोडलं आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. हा विषय सुरू केला तर गुण मिळवणार ती लहानपणापासून क्लासला जाणारी, घरात तानपुरा असलेली मुलं, बाकीच्यांचं काय? आजच्या पद्धतीत हे अगदी खरं आहे. बसवलेली बंदिश सफाईने म्हणणं हेच मोजायचं ठरलं, की ज्याच्याकडे क्लासची फी आहे त्याची सफाई जास्त. पण मोजायची गोष्टच बदलली तर चित्र बदलतं. गावच्या सप्ताहात पखवाजावर बसणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला कायदा, परण या वादनप्रकारांच्या व्याख्या येणार नाहीत. पण आठ मात्रांचा भजनी ठेका तो तासन्‌तास धरतो. अभंग म्हणणारा लय वाढवतो तेव्हा त्याच्या आधी अर्धी मात्रा हे त्याला कळलेलं असतं. गजर सुरू होताना ठेका कुठे सोडायचा आणि कुठे पुन्हा उचलायचा, हे त्याला कोणी लिहून दिलेलं नसतं. हे सगळं कानाचं शिक्षण आहे आणि ते उच्च दर्जाचं आहे. सध्याच्या हिंदुस्थानी तालवाद्याच्या अभ्यासक्रमात तबला आणि पखवाज आहेत. संबळ, हलगी, ढोलकी यांना जागा नाही. पोवाडा, लावणी, ओवी, भारूड हे ‘लोकसंगीत’ या शीर्षकाखाली एका परिच्छेदात उरकतात. मुलगा ज्या संगीतात मुरलेला आहे तेच परीक्षेत बसत नसेल, तर त्याला ‘संगीत येत नाही’ असा शेरा परीक्षाच मारून मोकळी होते.

ब्रिटनमधल्या ए लेव्हलच्या संगीत विषयात सादरीकरण, रचना आणि ऐकून केलेलं विश्लेषण असे तीन भाग असतात. त्यांचं संगीत वेगळं, गरजा वेगळ्या. त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. पण मुलाने स्वतः काही रचावं ही अपेक्षा सतराव्या वर्षी करता येते, एवढं त्यावरून नक्की दिसतं. आपल्याकडे एखादी ओवी द्यावी, तिला चाल लावायला सांगावी, आणि ती चाल अशीच का लावली हे शब्दांत मांडायला सांगावं. आपल्या कीर्तनकारांनी आणि नाटककंपन्यांनी आयुष्यभर हेच केलं.

वाढीव गुणांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दहावीला शास्त्रीय कला, चित्रकला, लोककला यांसाठी गुण द्यायचा शासनाचा निर्णय चांगल्या हेतूने झाला असेल. झालं असं, की संगीत हे टक्केवारीला लावायचं ठिगळ बनलं. क्लासमध्ये चौकशी करायला आलेले पालक पहिला प्रश्न विचारतात तो ‘दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?’ हा, मुलाचा गळा कसा आहे हे नंतर, कधी कधी नाहीच. आणि दहावीचा निकाल लागला की बहुतेकांचं गाणं त्याच दिवशी संपतं, कारण पुढे त्याला कुठेच गुण नाहीत. जी कला दुसऱ्या विषयांच्या बेरजेत मिळवायची चिल्लर आहे, तिला कोणी विषय म्हणून मान देणार नाही. वाढीव गुण बंद करा आणि त्याच्या बदल्यात पूर्ण विषय द्या, असा सौदा कोणी मांडला तर मी आनंदाने सही करीन. लोककलेच्या मुलांचे गुण मात्र त्यांना हक्काचा विषय मिळेपर्यंत काढू नयेत.

धोरणाच्या पातळीवर अडचण उरलेली नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात, अभ्यास आणि ‘अभ्यासेतर’ यांच्यात कडक भिंती नकोत असं म्हटलं आहे. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षण हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र आहे. सीबीएसईच्या नियमांत भौतिक, रसायन, गणिताबरोबर पाचवा विषय म्हणून संगीत आजही घेता येतं. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या यादीतही बारावीसाठी संगीताचे विषय आहेत. अडतं ते वेळापत्रकात आणि शिक्षकांच्या नेमणुकीत. विज्ञानाच्या मुलाने संगीत मागितलं की कॉलेज म्हणतं, त्या वेळेला तुमचं प्रॅक्टिकल असतं. शिक्षक नेमायचा तर पदवी आणि बी.एड. हवी, ज्याच्या हातात विद्या आहे त्याच्याकडे बहुधा दोन्ही नसतात. धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत मार्गदर्शक म्हणून आणण्याची तरतूद आहे. ती प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमापुरती वापरून भागणार नाही. कलावंताला तासांनुसार रीतसर मानधन, मूल्यमापनात मताचा अधिकार आणि वर्षभराची नेमणूक मिळाली पाहिजे. संबळ वाजवणाऱ्या मुलाला गुण देताना समोर संबळ कळणारा माणूस हवा.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, हे मलाही कळतं. पण एक काम पुढच्याच परीक्षेला करता येईल. लेखीच्या ३० गुणांपैकी १० गुण ऐकण्याला द्यावेत. परीक्षागृहात तीन ध्वनिमुद्रित तुकडे लावावेत, त्यातले दोन अभ्यासक्रमाबाहेरचे. ताल कोणता, सम कुठे, लय कुठे बदलली, कोणत्या स्वरावर ठाण मांडलंय, साथीला कोणतं वाद्य आहे, आणि दोन गायकांच्या एकाच रागातल्या मांडणीत तुम्हाला काय वेगळं वाटलं, एवढंच विचारावं. शेवटच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नसावं. जे लिहिलं ते ऐकून लिहिलंय का, एवढं परीक्षकाने पाहावं. ‘एवढी यंत्रणा कुठून आणायची?’ असं म्हणायलाही जागा नाही. सीबीएसईच्या शाळांत इंग्रजी विषयासाठी ध्वनिमुद्रण ऐकवून श्रवणकौशल्य तपासण्याची पद्धत कधीच सुरू झाली आहे. स्पीकर शाळेत आहे, तो संगीताच्या वर्गात न्यायचा आहे.